माझं मशीन कधी पडलं नाही

एन्टरचं बटण एकदाच दाबायचं आणि हात लगेच शालीत ओढून घ्यायचा, ही तिची पद्धत. समोर लॅपटॉपची काळी स्क्रीन, तिच्यावर काहीच नाही. मागे आम्ही सगळे दाटीवाटीने उभे. कोणीतरी अधीर होऊन हिंदीत म्हणायचं, मॅडम, परत एकदा दाबून बघा ना. ती मान न वळवता म्हणायची, "आधी त्याला बोलू तर दे ना यार." त्या गर्दीत मराठी समजणारी मी एकटी. पण ती हे मराठीतूनच म्हणायची, आणि का कोण जाणे, सगळे गप्प व्हायचे.

मग त्या काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ यायची. मग दुसरी. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरायचं. "बोललं. बोललं म्हणजे जिवंत आहे." सगळं ऑफिस हुश्श करायचं. माझ्या मात्र पोटात दुखायला सुरुवात झालेली असायची.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. मला तिचा हेवा वाटायचा. 'आदरयुक्त हेवा' वगैरे म्हणतात तसला सभ्य नाही. चांगला सणसणीत, घास गिळू न देणारा. मी तिच्याबद्दल लिहायला बसले आहे ते प्रेमाने, असं कोणी समजू नये. निदान सगळं प्रेमाने नाही.

आमचं ऑफिस म्हणजे दिल्लीतलं एक सरकारी खातं. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला काही कळणारही नाही. तळघरात सर्व्हर रूम. देशभरातली आमची कार्यालयं ज्या मशीनांवर चालत, ती सगळी तिथे लोखंडी कपाटांच्या दोन रांगांत उभी. एक रांग तिच्याकडे, एक माझ्याकडे. आम्ही दोघी एकाच हुद्द्यावर, एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, वरच्या मजल्यावर एकाच खोलीत समोरासमोर बसणाऱ्या. मी नांदेडची. ती दिल्लीतच वाढलेली. वडील केंद्र सरकारात होते, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली आणि लग्न केलं ते पानिपतच्या पंजाबी घरात. सासरी चादरी आणि ब्लँकेटांचा धंदा. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असायचं आणि ही बाई सासरची शाल खांद्यावर टाकून ऑफिसात शिरायची, कारण सर्व्हर रूममध्ये कायम हिवाळा.

तिचं मराठी फोनवर एकदा माझ्या आईने ऐकलं आणि मला विचारलं, "ही कोण गं मराठी बोलणारी पंजाबीण?" पुढे दोघींची अशी गट्टी जमली की आई माझ्याआधी तिची चौकशी करायची. ती जेवली का, तिच्या पोराचा ताप उतरला का. मी म्हणायचे, आई, मीसुद्धा सकाळपासून उपाशी आहे. तर म्हणायची, तुझं काय, तू खंबीर आहेस.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. एरवी आम्ही मशीनजवळ जात नसू. वर खुर्चीत बसून नेटवर्कवरून सगळं चालायचं. पण नेटवर्कच गेलं, किंवा मशीन अर्धवट उठून मध्येच अडकलं, की खुर्चीतून काही करता येत नाही. याला आमच्याकडे 'मशीन पडलं' म्हणत. मग एकच रस्ता उरतो. मशीनच्या पाठीमागे जुन्या पद्धतीचा, नऊ पिनांचा एक पोर्ट असतो, सिरीयल पोर्ट. त्याला केबल लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि त्या वायरीवरून मशीनशी एकेका अक्षराने बोलायचं. चित्र नाही, माउस नाही, नुसती अक्षरं. घराचं पुढचं दार आतून लागलं तर मागच्या खिडकीतून कोणीतरी आत शिरून कडी काढतं ना, तसला प्रकार.

या मागच्या खिडकीची ती राणी होती. सरावच तसा होता, कारण तिच्या रांगेतली मशीनं सारखी पडायची. ती कोणालाच नाही म्हणायची नाही. कोणी काही नवीन मागितलं की "बिल्कुल, आजच करून टाकते", आणि भर दुपारी, सगळं ऑफिस कामात असताना, करून टाकायची. झालं, पडलं मशीन. वर आरडाओरडा, फोन घणघणतात, आणि बाईसाहेब शाल सावरत, केबल गळ्यात अडकवून जिना उतरतात. मागे वरात. कपाटामागे प्लॅस्टिकचं स्टूल टाकून ती बसायची, मांडीवर लॅपटॉप, आणि प्रत्येक ओळीचं समालोचन मोठ्याने सुरू. डायरेक्टर साहेबसुद्धा खाली उतरून यायचे. मशीन उठलं की आल्याचा चहा आणि समोसे यायचे. पुढे आठवडाभर ती हकीकत जो भेटेल त्याला सांगायची, आणि दर सांगण्यागणिक मशीन आणखी गंभीर आजारी होत जायचं.

मी हे सगळं बघत उभी असायचे. मनात म्हणायचे, अगं बाई, ते पाडलंस कोणी?

माझी मशीनं पडत नसत. मी पडूच देत नसे. डिस्क भरत आली की आधीच साफ करायची. बॅकअप घ्यायचा आणि तो खरंच परत उघडतो का तेही बघायचं. नवीन काही लावायचं तर आधी एका जुन्या मशीनवर महिनाभर चालवून बघायचं. परिणाम काय? माझी रांग तिथे आहे हेच लोक विसरले. एकदा लिफ्टमध्ये डायरेक्टर साहेबांनी मला अतिशय अदबीने विचारलं की आपण कोणत्या सेक्शनला असता. न पडलेल्या मशीनसाठी समोसे कोण मागवणार?

तुम्ही म्हणाल, मग तूही पाडायचं होतंस एखादं. तेच तर मला जमण्यासारखं नव्हतं. मी राखीव जागेवर आलेली. तोंडावर कोणी काही म्हणत नसे, सगळे सुशिक्षित लोक. पण डबा खायच्या वेळी काही टेबलांजवळून मी गेले की विषय बदलायचा. तिचं मशीन पडलं तर लोक मशीनला नावं ठेवत. माझं पडलं असतं तर मला ठेवली असती, आणि माझ्या मागून येणाऱ्या आमच्या सगळ्यांना. तिच्या हुशारीचा मला हेवा वाटायचा, लोक तिच्याभोवती जमायचे त्याचाही वाटायचा. पण सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो तिच्या ऐपतीचा. मशीन पडू देण्याची, आणि पडल्यावर हसण्याची ऐपत.

एकदा तिचं मशीन पडलं तेव्हा ती पानिपतहून येणाऱ्या गाडीत अडकली होती, धुक्यामुळे गाडी मध्येच उभी. मी म्हटलं, आली आपली संधी. केबल घेऊन खाली गेले, जोडली, आणि स्क्रीनवर नुसता कचरा, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. लॅपटॉप आणि मशीन वेगवेगळ्या वेगाने बोलत असले की असं होतं. हे मला माहीत होतं, पण मागे वरात उभी असताना सुचलं नाही. तिचा फोन आला. कोणीतरी तो स्पीकरवर टाकला. तिने गाडीतून सांगितलं, स्पीड उतरव, आणि मग थांब. मी उतरवला. मशीन बोललं. मशीन उठल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोनकडे बघून. स्टुलावर बसून बोटं चालवली मी, आणि टाळ्या मोबाइलला.

दिवाळीला ती सगळ्यांना सासरची एकेक चादर द्यायची. मला दिलेली अजून आहे. धुऊन धुऊन हात दुखले, पण तिचा रंग म्हणून जात नाही. मला तेही खुपतं.

मग सर्व्हर रूमचे इनचार्ज निवृत्त व्हायला आले. त्यांच्यानंतर चार्ज आम्हा दोघींपैकी एकीला. इनचार्ज म्हणजे वरच्या मजल्यावर काचेची केबिन, दारावर नाव, आणि कोणतं मशीन कधी कोणी हात लावायचं हे ठरवण्याचा अधिकार. मला तो चार्ज हवा होता. असा हवा होता की रात्री झोपेतसुद्धा दारावरची पाटी दिसायची. आई होती तेव्हा दर फोनला विचारायची, तू साहेब कधी होणार गं? आई गेली, प्रश्न राहिला. आणि ऑफिसात तर सगळे धरून चालले होते की चार्ज तिलाच मिळणार. दुसरं कोणाचं नाव होतं कोणाच्या तोंडात?

डायरेक्टर साहेबांनी मीटिंग बोलावली. सगळ्या सेक्शनचे लोक होते. साहेबांनी दोघींना विचारलं की स्वतःबद्दल काय सांगाल. मी तयारी करून गेले होते. तिच्याकडे बघत, एकेक शब्द मोजून बोलले, "सर, इतने सालों में मेरी एक भी मशीन नहीं गिरी."

टोला कोणाला होता ते सगळ्यांना कळलं. साहेब चमकले, जणू मला पहिल्यांदाच बघत होते. मी वाट बघत होते की आता ही काहीतरी चुरचुरीत बोलेल आणि लोक हसतील. ती चहात बिस्कीट बुडवत होती. ते बुडवून झालं, खाऊन झालं, आणि मग म्हणाली, "बिल्कुल सर. इसकी एक भी नहीं गिरी." बस. तिची पाळी आली तेव्हा नेहमीच्या दोन गमती सांगून तिने बोलणं संपवलं.

त्या संध्याकाळी मेट्रोने वैशाली स्टेशनकडे, घरी जाताना मी स्वतःशीच हसत होते. समोरची बाई जागा बदलून बसली.

ऑर्डर निघायची होती, त्याच्या आदल्या शनिवारी ठेकेदाराची माणसं नेटवर्कचा एक डबा बदलायला तळघरात आली. दुपारी काम उरकून गेली, आणि माझी गोदावरी गायब झाली. गोदावरी म्हणजे माझ्या रांगेतलं सगळ्यात मोठं मशीन. नाव मीच ठेवलेलं, नांदेडची ना मी. खुर्चीतून हाक मारली तर उत्तर नाही. सुट्टीचा दिवस, वर कोणी नाही, ती पानिपतला नणंदेच्या घरच्या लग्नात. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण कोणी नाही याबद्दल कोणाचे तरी आभार मानावेत असं वाटलं. केबल घेतली आणि खाली पळाले.

जिना उतरतानाच लक्षात आलं की आपण अडकलो. गोदावरीवर शिरायचा पासवर्ड दुसऱ्याच मशीनवर तपासला जायचा, आणि तिथे जायचा रस्ता तर नेटवर्कमधूनच. म्हणजे मी अगदी खरा पासवर्ड टाकला तरी गोदावरी मला ओळखणार नव्हती. तरी केबल लावली. एन्टर दाबला आणि थांबले.

गोदावरीने नाव विचारलं नाही. पासवर्ड विचारला नाही. सरळ हुकमाची वाट बघत उभी राहिली, तेही सर्वाधिकाराच्या ठिकाणी, जिथून मशीनचं काहीही करता येतं. म्हणजे आत आधीच कोणीतरी होतं.

सिरीयल पोर्टची ही एक खोड आहे. नेटवर्कवरून आत शिरलात आणि लाइन तुटली, तर मशीन तुम्हाला बाहेर काढतं. इथे तसं होत नाही. तुम्ही केबल उपटून घरी गेलात तरी मशीनला पत्ता नसतो. ते समजतं तुम्ही समोरच बसला आहात. म्हणून उठताना आठवणीने बाहेर पडल्याचा हुकूम द्यावा लागतो. मशीन उठल्याच्या आनंदात माणूस तो विसरतो आणि केबल काढून चहाला जातो. आमच्या धंद्यातली ही अगदी नेहमीची चूक. उघडं राहिलेलं लॉगिन आपोआप बंद करणारे पहारे मी वरच्या सगळ्या रस्त्यांवर बसवले होते, या मागच्या खिडकीवर बसवला नव्हता. माझ्या मशीनांच्या पाठीमागे मी कधी गेलेच नव्हते ना.

त्या उघड्या राहिलेल्या जागेवरूनच मी नेटवर्क नीट केलं. फार वेळ लागला नाही. गोदावरी उठली. मग मी तिला विचारलं, आत कोण आहे?

एकच ओळ आली. नाव तिचं. पुढे सिरीयल पोर्ट. पुढे तारीख.

ती तारीख मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या आठवड्यात मी नांदेडला होते. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेबलावरचा चष्मासुद्धा न उचलता एअरपोर्टला धावले होते. ही तारीख आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधीच्या रविवारची. आणखी खणलं. त्या दिवसाआधीच्या सगळ्या जुन्या नोंदी पुसलेल्या, जागा मोकळी केलेली. मग कळलं. मी गेले, साफसफाई राहिली, डिस्क तुडुंब भरली आणि गोदावरी पडली. रविवारी कधीतरी ही आली, मागून शिरली, जागा करून दिली, मशीन उठवलं, आणि केबल काढून निघून गेली. जी बाई साधा फ्यूज उडाला तरी आठवडाभर त्याची कहाणी सांगायची, तिने याबद्दल एका माणसाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये बिस्कीट बुडवतानासुद्धा.

तुमच्यापैकी कोणी असतं तर डोळे भरून आले असते. मला संताप आला. माझ्याजवळ एकच गोष्ट होती जी तिच्याजवळ नव्हती, आणि तीसुद्धा तिनेच दिलेली निघाली.

सोमवारी मी तिला जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये घेऊन गेले. आम्ही दोघी अधूनमधून तिथे भाकरी खायला जायचो. ताट येईपर्यंतही मला धीर निघाला नाही. मी विचारलं, गोदावरी पडली होती हे मला सांगितलं का नाहीस? ती पाण्याचा ग्लास हातात धरून थोडा वेळ आठवत राहिली. खरोखर आठवत होती.

"अच्छा, ते," ती म्हणाली. "तुझी आई गेली होती यार."

"आणि मी परत आल्यावर?"

तिने ग्लास खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझं मशीन पडलं हे वर कळलं असतं तर ते लोक काय काय बोलले असते, मला माहीत नाही का? मी त्यांच्याबरोबरच डबा खाते."

इतकी वर्षं मला जे ठाऊक होतं, ते त्या ऑफिसातल्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, मग तू काय करतेस ते बोलतात तेव्हा?

"कधी भांडते. कधी नुसती जेवते," ती म्हणाली, आणि खाली बघून भाकरी मोडायला लागली.

तिने 'नेहमी भांडते' म्हटलं असतं तर मी तिला सहज खोटी ठरवली असती. तीही सोय तिने ठेवली नाही.

जेवून परत आल्यावर मी सरळ डायरेक्टर साहेबांच्या खोलीत शिरले. दयेचा चार्ज मला नको होता, हे कारण तर होतंच. पण खरं सांगू? चांगुलपणातही ही माझ्या पुढे गेली हे मला सोसवत नव्हतं. निदान खरेपणात तरी मी पुढे जाणार होते. मी साहेबांना सांगितलं की मीटिंगमधलं माझं वाक्य चुकीचं होतं, माझंही एक मशीन पडलं होतं आणि ते हिने उठवलं. साहेब गोंधळले. त्यांनी तिला बोलावून विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि तिच्या त्या गोड हिंदीत म्हणाली, "नहीं सर, मुझे तो ऐसा कुछ याद नहीं."

मी म्हटलं, खाली चला, अजून मशीनवर नाव आहे, दाखवते. साहेब हसले. मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता, आईच्या जाण्याने थकला आहात, दोन दिवस सुट्टी घ्या, असं काहीतरी प्रेमाने बोलले. दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. माझ्या नावाने.

मी तिला जिन्यात गाठलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. म्हटलं, खोटं का बोललीस?

"तुला पाहिजे होता ना चार्ज?"

"आणि तुला नको होता?"

ती मनापासून चकित झाली. ते नाटक नव्हतं, मी तिला चांगली ओळखायचे. "मला? वर काचेत बसून मी काय करू यार? मला खालीच बरं वाटतं."

आणि शाल सावरत खाली गेलीसुद्धा. मी जिन्यात उभी. इतकी वर्षं जिच्याशी मी ऊर फुटेस्तोवर शर्यत लावली, ती त्या शर्यतीत उतरलीच नव्हती. आपली मजेत फिरायला निघाली होती, आणि तरीही माझ्या पुढे होती. ज्याने त्याग केला त्याचे पाय धरता येतात, ज्याने हरवलं त्याच्याशी भांडता येतं. ज्याला ती वस्तू नकोच होती त्याचं काय करायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझ्या हाताखाली तिने दोनेक वर्षं काम केलं. मला 'मॅडम' म्हणाली नाही, आणि म्हणावं असं मलाही वाटलं नाही. नियम मात्र पाळायला लागली. दुपारचं काही करायची नाही, आधी विचारायची. तिची मशीनं पडायची कमी झाली. समोसेही कमी झाले. मी इनचार्ज झाल्यावर ऑफिस सुरळीत चालू लागलं आणि थोडं कंटाळवाणं झालं, हे लोकांनी मला बोलून दाखवलं नाही इतकंच.

मग सासरे अंथरुणाला खिळले, धंद्याकडे बघायला कोणी नव्हतं, आणि तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी माणसं रडली. सफाईवाल्यापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना चादरी. मला म्हणाली, पानिपतला ये, स्टेशनवर घ्यायला येते. मी हो म्हटलं. पानिपत काही लांब नाही. मी गेले नाही. दिवाळीला फोन होतो. मी ठरवून बसते की आज बोलायचं, आणि मग दिल्लीची हवा किती खराब आहे यावर आम्ही बोलतो, तिच्या नातवावर बोलतो, आणि ठेवतो.

एक सांगायचं राहिलं. गोदावरीवरचं तिचं ते उघडं राहिलेलं लॉगिन मी बंद केलं नाही. कोणी मिनिटभर लॉगिन उघडं टाकून चहाला गेलं तर मेमो देणारी मी. आधी वाटलं, पुरावा आहे, राहू दे. पुढे पुरावा मागणारं कोणी उरलं नाही, तरी राहू दिलं. पाहणीला माणसं आली की मी त्यांना दुसऱ्या कपाटांकडे न्यायचे. कधीमधी केबिनमधून गोदावरीला विचारायचे, आत कोण आहे? दोन ओळी यायच्या. एक मी, एक ती.

आता नवी मशीनं आली आहेत. ती पडली तर खाली जावं लागत नाही, केबल लागत नाही. आणीबाणीची ती काळी स्क्रीन आता ब्राउझरमध्येच उघडते, केबिनमध्ये बसून चहा पीत. गोदावरीवरचं सगळं हळूहळू तिकडे हलवलं, आणि गेल्या महिन्यात तिला कायमचं बंद करायचा दिवस आला. खाली आमचा एक इंजिनियर वायरी काढायला उभा होता, मी वर केबिनमध्ये. मशीन बंद करण्याआधी आत जे कोणी असतील त्यांना संदेश पाठवून कळवायचं, त्यांना आवरायला थोडा वेळ द्यायचा, असा नियम आहे. आत दोघी होतो.

मी संदेश लिहायला घेतला. ठरलेलं एक इंग्रजी वाक्य असतं, ते टाइप केलं आणि खोडलं. मग इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहिलं, "गोदावरी आज बंद होतेय. त्या रविवारबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलं. चार्ज मिळाला गं, पण मला तू व्हायचं होतं." आणि एन्टर दाबला.

असा संदेश आत असलेल्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर उमटतो. तिच्या पोर्टला केबल नव्हती. माझ्या स्क्रीनवर मात्र तो आला, वर माझंच नाव घालून. मी तो वाचला. पुन्हा वाचला.

खालून फोन आला, मॅडम, बंद कर दूँ? मी म्हटलं, थोडा रुको. तिला आवरायला वेळ द्यायचा होता. तो दिला. मग म्हटलं, अब कर दो.